बाळाला सांगितलेली आंघोळ

माझ्या सासूबाई माझ्याशी थेट बोलत नसत. भांडण काही नव्हतं, त्यांच्या घरची रीतच तशी. त्यांच्या गावी, नामपूरला गेलो की त्या डोक्यावरून पदर घेत, चहा पुढे सरकवत आणि सांगायचं ते लेकीकरवी सांगत. लेक जवळ नसली तर या काय करतील, असं कुतूहल मला लग्नापासून होतं. आमची मुलगी झाली, सासूबाई बाळंतपणासाठी आमच्या घरी येऊन राहिल्या आणि उत्तर मिळालं. बायको टाके सांभाळत आतल्या खोलीत पडून असायची, आणि त्या तान्ह्या बाळाशी बोलायच्या.

"तुना बापले सांग, दार लाव. वारा येस."

मी उठून दार लावायचो. मुलीनं निरोप पोचवला असंच आम्ही दोघं धरून चालायचो.

सिझेरियनमुळे बायकोला वाकायला मनाई होती. माझी आई आता नाही. तिकडे नामपूरला उन्हाळ कांदा काढणीला आला होता आणि सासरे एकटे पडले होते, त्यामुळे सासूबाई रविवारी निघणार हे ठरलेलं. नंतर बाळाला आंघोळ कोण घालणार? बायको म्हणाली, मालिशवाली बाई लावू. मी म्हणालो, मी घालतो. ती नुसती माझ्या हातांकडे बघत राहिली.

मी सातपूरला एका कारखान्यात भट्टीवर काम करतो. लालभडक लोखंडाची मला भीती वाटत नाही. या ओंजळभर पोरीची मात्र वाटायची, कारण तेल लावल्यावर ती साबणाच्या वडीसारखी निसटते. म्हणून मी रोज मोरीच्या दारात उभा राहून सासूबाई तिला आंघोळ कशी घालतात ते बघू लागलो. त्या पाटावर पाय लांब करून बसत आणि बाळाला नडग्यांवर घेत, म्हणजे दोन पायांच्या मधल्या खोबणीत ते आपोआप सावरलं जाई. टॉवेल, लंगोट, झबलं आधीच हाताशी. पंखा बंद. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. असं का, मी हवेत विचारायचो. आधी गरम ओतलं आणि तेवढ्यात कुणी हाक मारली, तर तेच पाणी चुकून अंगावर जातं, असं त्या बाळाला समजावून सांगत. आणि मध्येच फोन वाजला तर? तर वाजू द्यायचा, पोरीला सोडून उठायचं नाही. कानात तेल नको आणि धुरीही नको, असं नर्सनं बजावलं होतं. त्यावर सासूबाई जरा कुरकुरल्या, पण शेगडी बाहेर ठेवली ती ठेवलीच.

"अहो, किती प्रश्न! परीक्षेचा पेपर काढताय का?" बायको आतून म्हणायची.

शनिवारी माझी पाळी आली. पाणी तापायच्या आतच मी हाफ पँट घालून पाटावर बसलो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं म्हणत बायको प्लॅस्टिकची खुर्ची ओढून दारात येऊन बसली. थट्टा करत होती, पण खुर्चीचा हात तिनं घट्ट धरला होता. मी पाणी मिसळलं, बोटं बुडवून पाहिली. छान कोमट वाटलं. सासूबाईंनी मुलीला माझ्या पायांवर ठेवलं. डावा हात तिच्या मानेखाली देऊन मी उजव्या हातानं तांब्या भरला.

तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी गच्च पकडलं.

"थांब. तुना हातले काय समजी? भट्टीना हात शे तो. कोपर टाकीसन देख."

तांब्या हिंदकळला आणि थोडं पाणी माझ्या मांडीवर सांडलं. चांगलंच पोळलं. तेच पाणी हाताला कोमट वाटलं होतं. मुलीच्या अंगावर थेंबही गेला नव्हता, पण मला भीती वाटली आणि ती बराच वेळ गेली नाही. इतकी वर्षं मी हे हात वापरतो आहे आणि त्यांना काय कळतं, काय कळत नाही, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

सासूबाईंनी मुलीला उचलून घेतलं. मी बादलीत गार पाणी ओतलं, कोपर बुडवलं, आणखी गार ओतलं, पुन्हा कोपर. आता कुठे गरमही नाही आणि गारही नाही असं झालं. वर बघितलं तर सासूबाईंनी पदर पार कपाळाखाली ओढला होता. आपण जावयाचा हात धरला आणि त्याला अरेतुरे केलं, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं होतं. त्या तोंड भिंतीकडे करून उभ्या राहिल्या.

"बोला ना," मी म्हणालो. "तिला अजून निरोप सांगता येत नाही."

बायको हसली. टाके दुखले म्हणून लगेच थांबली. सासूबाईंनी मुलीला परत माझ्या पायांवर ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "मान धर." मी धरली. मग तोंड पुसून घेतलं, काखा, जांघा, मानेच्या घड्या, आणि शेवटी डोक्यावरून थोडंसं पाणी. मुलगी रडली नाही. छताकडे बघत बसली.

रविवारी त्या गेल्या. सोमवारी सकाळी मी एकट्यानं आंघोळ घातली. खुर्ची बाहेरच्या खोलीत होती, बायको आत झोपली होती. मुलीला टॉवेलात गुंडाळून तिच्या शेजारी ठेवतोय तोच फोन वाजला. नामपूरचा होता. नेहमीप्रमाणे मी म्हणालो, "हिला देतो."

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "कोपर?"

"टाकलं होतं."



"बरं. आता दे तिले."