दुसरी सीट

गोखिवऱ्याला आमच्या बिल्डिंगखाली एका मेकॅनिकचं गॅरेज होतं, तो माणसांशी बोलायचाच नाही, बोल्ट आवळताना मात्र "बस रे राजा, बस" म्हणायचा. ह्यांनी मारुतीला दोन रेसिंग सीटा आणल्या, हे पान खायला गेले तोवर त्याने दोन्ही लावल्या, नि मी बाळाला घेऊन बसून बघितलं, तर उंच कडांमध्ये बाळ चेपलं, रडायला लागलं, पण ह्यांना सांगायची माझी हिंमत कुठली! तो बघत होता. गपचूप त्याने माझ्या बाजूची सीट परत काढली.

हे आल्यावर म्हणाला, "शेठ, दुसरी नाय बसत. भोकं जुळत नायत."

"काम येत नाय तर घेतो कशाला रे?"

हे ओरडत राहिले, तो मान खाली घालून जुनी सीट आवळत राहिला. लग्न होऊन इथे आल्यापासून माझ्यासाठी कोणी खोटं बोललं ते तेवढंच.