दोन सेंटिमीटरची मेहेरबानी

माणसांना अर्ध्या चड्डीवर भिंतीला टेकवून मोजायचं काम मी तीन उन्हाळे केलं आणि लोकांना सांगताना त्याला 'ॲनालिसिस' म्हणत राहिले. आज आठवलं तरी शिसारी येते.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. म्युनिकमध्ये मी शरीराच्या हालचालींवर पीएचडी करत होते आणि उन्हाळ्यात एका एजंटाकडे जात होते. एजंट म्हणजे खेळाडूंचा दलाल, दुसरा शब्द नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा जूनच्या अखेरीला ड्राफ्ट असतो. त्यात सगळे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. त्याच्या आधी, मे महिन्यात, हा एजंट युरोपभरची पोरं एका हॉलमध्ये चार दिवस गोळा करायचा आणि क्लबांचे निरीक्षक वह्या घेऊन बघायला यायचे. पॉइंट गार्ड माझ्या वाटणीला, कारण पुण्यात कॉलेजच्या टीममध्ये मी तेच खेळले होते. पॉइंट गार्ड म्हणजे बॉल घेऊन पुढे येणारा, खेळ चालवणारा. बाकीचे चौघे कुठे पळणार हे त्याला त्यांच्याआधी कळावं लागतं. ते मला मैदानाच्या कडेवरून दिसायचं आणि त्याचा मला गर्व होता. पण त्या गर्वाला तिथे कोणी विचारत नव्हतं.

विचारायचे ते उंची, हातांचा पसारा, उडी. पोरगा दाराशी आला की निरीक्षक त्याच्या खांद्यावर हात ठेवून दाबून बघायचे, पोटऱ्या बघायचे, 'वळ' म्हणायचे. पोरगा वळायचा. एकाने एकाला तोंड उघडायला लावलं, दात बघायला! का, तर अक्कलदाढा आल्यात की नाही, म्हणजे वाढ शिल्लक आहे की संपली. शी! मी एजंटाला म्हटलं, "अहो, हे काय चाललंय?" तो हसत म्हणाला, "हे बघ, तू फक्त आकडे लिही." लाज कोळून प्यायलेला माणूस. एका बाबतीत मात्र तो कडक होता: त्याच्या कागदावरचा आकडा अमेरिकेत बदलता कामा नये. त्याच्या नावाला किंमत होती ती एवढ्यासाठीच.

आणखी एक नियम होता. एकशे पंच्याऐंशी सेंटिमीटरच्या वरचे पॉइंट गार्ड यादीच्या पहिल्या पानावर, खालचे दुसऱ्या पानावर. दुसरं पान कुणी उलटत नसे.

तिसऱ्या उन्हाळ्यात कायझर्सलाउटर्नजवळच्या एका खेड्यातून एक पोरगा आला. एकोणीस वर्षांचा, कान जरा मोठे, बोलणं अगदी कमी. पहिल्या दिवशी त्याला अनोळखी चौघांबरोबर खेळवलं. तिसऱ्या मिनिटाला त्याने मान न वळवता डाव्या कोपऱ्यात बॉल फेकला. तिथे कुणीच नव्हतं. आणि तेवढ्यात एकजण तिथे पोचला, स्वतःच चकित होऊन. मी खुर्चीतून उठलेच. इतक्या वर्षांत असा एक पोरगा बघितला मी. माझ्या वहीत मी लिहिलं, 'हा बघतो.' दुपारी ते पान मी एजंटाला दाखवलं. तो म्हणाला, "छान. उंची?"

त्याची आई बरोबर आली होती. बेकरीत पहाटेपासून काम करणारी बाई, ठेंगणी, पांढऱ्या होत चाललेल्या केसांची. रात्रभर आगगाडीत बसून आली होती आणि हॉलच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसायची. पोराला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं तर तो खेळणार, नाहीतर गावात आधीच ठरलेली गॅरेजमधली जागा त्याची वाट बघत होती. हे तिनेच मला सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही, सहज.

मी पोराला मोजलं. पायात मोजे, टाचा भिंतीला, नजर समोर. एकशे साडेत्र्याऐंशी. मी आकडा लिहिणार इतक्यात एक निरीक्षक दारातून म्हणाला, "आई आहे ना बाहेर? तिलाही घे. अजून वाढेल का ते बघू."

मला वाटलं थट्टा करतोय. नव्हता करत. एजंट बाहेर गेला आणि तिला हाताला धरून घेऊन आला. तिला काही समजलं नाही, मग समजलं. तिने मान खाली घालून बुटांचे बंद सोडले. चाळिशी उलटलेली बाई चार परक्या पुरुषांसमोर भिंतीला पाठ लावून उभी, आणि डोक्यावर लाकडी पट्टी टेकवणारी मी. एकशे एकसष्ट. निरीक्षक इंग्रजीत म्हणाला, "आई बुटकी. पोरगा वाढून संपला." तिला तेवढं इंग्रजी येत होतं. तिने बूट घातले, आणि जाताना मला 'डांके', धन्यवाद, म्हणाली. कशाबद्दल, बाई?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण मी त्या जागी उभी राहिले होते. भिंतीला नाही, पुण्यात आमच्याच दिवाणखान्यात, बघायला आलेल्या मुलाच्या पाठीला पाठ लावून. मुलाच्या मावशीने उठून उभं केलं होतं. "अगंबाई, ही तर त्याच्या वर निघते!" बायोडेटात आईने पाच फूट पाच इंच लिहिलं होतं आणि मी होते पाच आठ. ते स्थळ गेलं. आई जराही ओशाळली नाही. म्हणाली, "सगळेच लिहितात गं. बघणारे मनातल्या मनात वजाबाकी करूनच येतात." आमच्या घरांत उंची अशीच असते, रंगही तसाच, पगारही तसाच. खरं काय ते दोन्हीकडच्यांना माहीत असतं आणि लिहिलेलं कुणी मनावर घेत नाही.

म्हणून मी लिहिलं, एकशे साडेपंच्याऐंशी. पट्टीवरचा आकडा फक्त मला दिसत होता. दोन सेंटिमीटर! एवढ्याने कुणाचं काय बिघडतं? पोरगा पहिल्या पानावर गेला. घरी जाताना ट्रेनमध्ये मी खूश होते. त्या चौघांच्या तोंडात मारल्यासारखं वाटत होतं मला.

आठवडाभरात पहिल्या पानावरून त्याला अमेरिकेतल्या मुख्य शिबिराचं बोलावणं आलं. तिथे पुन्हा मोजतात. मला ते माहीत होतं. पण मी आपल्या हिशोबाने धरून चालले होते की ते लोकही वजाबाकी करत असतील. नव्हते करत. तिथे एकशे साडेत्र्याऐंशी भरला, आणि युरोपातून आलेल्या सगळ्यांमध्ये एकट्या ह्याचाच आकडा घसरला. त्याने खेळून काय दाखवलं ते नंतर कुणी बघितलं की नाही, मला ठाऊक नाही. 'फसवणारा पोरगा' एवढा शब्द मात्र इकडे येऊन पोचला.

एजंट टेबलावर हात आपटून म्हणाला, "टाचा उचलल्या त्याने. तुझं लक्ष नव्हतं."

मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. माझा व्हिसा, माझी पीएचडी, माझे प्राध्यापक ह्याच एजंटाचे मित्र, सगळं एकदम आठवलं आणि मी होकाराची मान हलवली. नुसती हलवली, पण हलवली. एजंटाने त्याच दिवशी त्या पोराला यादीतून काढून टाकलं. पोराने विमानतळावरून फोन करून सांगितलं म्हणे, "त्या बाईंनी सांगितलं तसाच उभा होतो मी." कोण विश्वास ठेवणार? आणि हे एजंट मला हसून सांगत होता. दात बघणाऱ्यांची मला किळस यायची ना? त्या दिवसापासून आरशात बघायला नको वाटायचं.

ड्राफ्ट झाला. त्याला कुणी घेतलं नाही. मी पुण्याला फोन करून आईला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगं, पण तू चांगल्यासाठीच केलंस ना." मी फोन आपटला. आईशी अशी पहिल्यांदाच वागले.

जुलैमध्ये एका दुपारी इन्स्टिट्यूटच्या फोनवर ती बोलली, पोराची आई. फॉर्मवर माझा नंबर होता. मला वाटलं, शिव्या घालणार. घाल, असं मनात म्हणून मी खुर्चीत ताठ बसले. तोंडाशी कबुली तयार होती, शपथ, जर्मन वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

ती म्हणाली, "एकच विचारायचं होतं. पोरगा आता गॅरेजात जातो, बोलत नाही फारसा. मी त्या दिवशी गाडीतून दमून आले होते. मी वाकून उभी होते का? ताठ उभी राहिले असते तर जास्त भरले असते ना? मग त्यांना वाटलं असतं, पोरगा अजून वाढेल."

मी म्हटलं, "नाही, नाही. तुम्ही अगदी सरळ उभ्या होतात."

"खरं?"

"खरं."

पुढचं वाक्य ओठांवर होतं. 'उंची मी खोटी लिहिली.' चार शब्द. तिकडे बेकरीतल्या भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी तिला हाक मारत होतं, आणि मी थांबले.

"बरं वाटलं हो," ती म्हणाली. "महिनाभर झोप नव्हती मला. तुम्ही एकट्याच तिथे माणसासारख्या वागलात." आणि तिने माझे आभार मानले.

मी 'बिट्टे', त्यात काय एवढं, म्हटलं आणि फोन ठेवला.