भिंतीपलीकडची करवत

गिऱ्हाईक दारात आलं की आमचे शेजारी आधी त्याच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. त्याच्या हातातली मशीन ओढून घ्यायचे, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून नाक जवळ न्यायचे, एक लांब श्वास घ्यायचे आणि मग मान वर करून विचारायचे, "तेल कौन डालता? तेरा बाप?"

झाडं कापायच्या या करवती पेट्रोलवर चालतात आणि त्या पेट्रोलात तेल मिसळावं लागतं. नाही मिसळलं तर आतला पिस्टन खरवडून निघतो. हे मला कुणी शिकवलं नाही. भिंतीपलीकडून शिव्यांच्या रूपात रोज कानावर पडायचं.

मलकपेठेत रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत आमची घरं एकमेकांना चिकटून आहेत. मध्ये छातीएवढी भिंत. ते वनखात्यातून निवृत्त झालेले मेकॅनिक. आजोबांच्या वेळी त्यांचं घराणं बिदरकडची शेती सोडून इथे आलेलं. बायको वारलेली, मुलगी गच्चीबावलीला नोकरी-संसारात. मागच्या पडवीत त्यांनी आपलं वर्कशॉप मांडलं होतं. मी जामबागेतल्या एका शाळेत शिकवतो. सकाळची शाळा आटोपून दुपारी आडवा झालो की पलीकडे दोरी ओढल्याची खरखर व्हायची, आणि मग ती किंचाळी. फडताळातल्या बशा थरथरायच्या. निळसर धूर आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरायचा. तुमच्याही शेजारी असं कुणीतरी असेल. असेल तर पुढचं सांगायला नको.

पहिल्यांदा मी नम्रपणे गेलो होतो. "काका, दुपारच्या वेळी जरा..."

"मी कुणाचा काका नाही. तुम्ही शाळेत पोरांवर ओरडता, तेव्हा मी येतो का सांगायला?"

मी पोलिसांत तक्रार केली. एक शिपाई आला, त्यांच्या घरात गेला. बऱ्याच वेळाने मी भिंतीवरून पाहिलं तर हे त्याच्या मोटारसायकलचं कार्बोरेटर उघडून बसले होते आणि तो चहा पीत होता. जाताना मला म्हणाला, "बहुत अच्छे आदमी हैं जी." त्या दिवसापासून मशीन सुरू करताना ते तिचं धुराचं तोंड मुद्दाम माझ्या भिंतीकडे करायला लागले.

कुणाशीच ते गोड बोलत नसत. प्लग काढून उन्हात धरायचे. "सुका आहे. पेट्रोल वर येतच नाही." सायलेन्सर काढून त्या भोकातून बॅटरीच्या उजेडात पिस्टन बघायचे. त्यावर उभे ओरखडे दिसले की मशीन परत गिऱ्हाइकाच्या हातात. "मर गई. ले जा." तो बिचारा हात जोडायचा. "मेरेकू क्या हात जोडता? मशीन कू जोड!"

दुरुस्तीनंतर सूर लावणं. बारीक स्क्रू-ड्रायव्हरने कार्बोरेटरचा स्क्रू केसभर फिरवायचा, पूर्ण रेस द्यायची, मान तिरकी करून ऐकायचं. पेट्रोल कमी पडलं की त्यातलं तेलही कमी पडतं आणि मशीन किंचाळते. अडाणी माणसाला वाटतं, काय जोरात पळतेय! एका गिऱ्हाइकाला तीच किंचाळी हवी होती. त्याला म्हणाले, "गाना सुनना तो सिनेमा कू जा. इधर गुर्राने वाली मशीन मिलती."

ती गुरगुर मीसुद्धा कान टवकारून ऐकायचो, कारण ती आली की थोड्याच वेळात मशीन बंद व्हायची आणि माझी सुटका व्हायची. इतकी वर्षं कुठल्या गाण्याची वाट पाहिली नसेल एवढी मी त्या गुरगुरीची पाहिली.

मग एका उन्हाळ्यात ती येईनाशी झाली. मशीन किंचाळतच राहिली, त्यांनी बंद केली आणि "ले जा" म्हणाले. मी उशीवरून उठून बसलो.

चारआठ दिवसांत ते गिऱ्हाईक फाटकात ओरडत होतं. पिस्टन जाम झाला होता. मग दुसरं आलं. हे दुप्पट आवाजात सगळ्यांना हाकलत होते. मी गच्चीत खुर्ची टाकून बसलो. खोटं कशाला सांगू, मजा वाटली.

एका दुपारी ते भिंतीशी आले. हातात चालू मशीन.

"मास्तर! भिंतीला कान लावून बसता ना? सांगा, कशी वाजते?"

"किंचाळतेय."

"खोटं."

"मग विचारता कशाला?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांचे कान गेलेत, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी स्क्रू जरासा फिरवला. मी मान हलवली, नाही. आणखी फिरवला. नाही. आणखी. मशीनचा आवाज जाड झाला आणि गुरगुर आली. मी हात वर केला. त्यांनी मशीन बंद केली आणि म्हणाले, "उद्या घरीच थांबा."

"मी तुमचा नोकर नाही."

"मग झोपा."

थांबलो. पुढे रोजच थांबू लागलो. ते स्क्रू फिरवायचे, मी भिंतीवरून हाताने सांगायचो. माझी गरज लागते याचा त्यांना राग होता आणि लागते याचा मला आनंद. धुरावरून, कपड्यांवरून भांडण पूर्वीसारखंच चालू होतं. माझी बायको म्हणायची, "तुम्ही दोघं लग्न का नाही करत?"

सूर लागला की ते चिंचेच्या ओंडक्यावर मशीन चालवून बघायचे. त्या दिवशी गिऱ्हाइकाचा मोबाइल खिशातून ओंडक्याच्या मागे पडला. तो उचलायला वाकला आणि हे चालू करवत घेऊन त्याच बाजूला वळले. तो भिंत आणि पिंप यांच्यामध्ये अडकून ओरडत होता. मी ओरडत होतो, "बंद करा! ओंडक्यामागे बघा!" त्यांना काही म्हणता काही ऐकू गेलं नाही. माझ्या पायाशी भिजवलेल्या कपड्यांची बादली होती. ती मी कपड्यांसकट त्यांच्यावर ओतली.

दचकून त्यांचं रेसवरचं बोट सुटलं, करवतीची साखळी थांबली. "अक्कल आहे का? पाणी टाकता अंगावर?"

मग माझ्या बोटाच्या दिशेने त्यांनी पाहिलं. त्या माणसाच्या शर्टाची बाही फाटून लोंबत होती. कातडी वाचली होती. तो रडत होता.

त्यांनी ठिबकत्या हातांनी मशीन खाली ठेवली. मग मला म्हणाले, "केव्हापासून ओरडत होतात?"

मी रिकामी बादली खाली ठेवली.

पुन्हा त्यांनी दोरी ओढली नाही. हत्यारं झाडं कापणाऱ्यांना वाटून टाकली, तीही शिव्या देतच. "गंज चढ़ाया तो हात तोडूंगा."

पावसाळ्यानंतर मुलगी त्यांना न्यायला आली. मी फाटकाशी गेलो. ते म्हणाले, "आता झोपा दुपारी. जिंकलात."

"तिकडे तरी लोकांशी नीट बोला," मी म्हणालो. त्यांना ते कळलं की नाही, माहीत नाही.

भाड्याची गाडी चालूच उभी होती. मुलगी सामान ठेवत होती. ते पुढे गेले आणि बॉनेटवर तळहात टेकवून डोळे मिटून उभे राहिले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "एक प्लग मार नहीं रहा, इंजिन झटके खा रहा. अंधा है क्या?"

ड्रायव्हर हसला. ते आत बसल्यावर काच वर करण्याआधी मला म्हणाला, "नई गाडी है साब. बुड्ढे लोगां ऐसेच बोलते."

मी इंजिनाकडे कान दिला. मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही.

"वो बोल रहे ना," मी म्हणालो, "तो दिखा लेव. उनका हात झूठ नहीं बोलता."

हे त्यांना ऐकू गेलं नाही, ते बरंच झालं.