चुलीचा वारा

टोकावड्याचा तो गवंडी रस्त्यात भेटला की रामराम करत नाय. आधी विचारतो, “भोक उघडं हाय ना?”

बायको गेल्यावर थंडीसाठी मी निजायच्या खोलीत त्याच्याकडनं धुराड्याची चूल बांधून घेतली. त्यानं चुलीजवळ भिंतीला खाली भोक पाडलं. मी वैतागलो, तर म्हणाला, “कुडाच्या घराला फटी होत्या, बाबा. ह्या स्लॅबच्या घरात चुलीला वारा कुठला? ती तुमचाच श्वास खाईल.”

बांधलेल्या चुलीचा जाळ बघायला तो परत येतोच. आला तर भोकात बायकोचं लुगडं. पायाला गार लागत होतं, म्हणून मीच कोंबलेलं. त्यानं ते ओढून काढलं, झटकलं, नीट घडी केली आणि माझ्या पायांवर ठेवलं.

“हे पांघरून निजा, बाबा. भोक नाय बुजवायचं.”