रुखवतातला ड्रॅगन

माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीला सासरी पाठवताना आम्ही रुखवतात पंख पसरलेला एक ड्रॅगन, सांगाड्यांची एक फौज आणि अर्धा जळालेला एक किल्ला दिला. मांडणी मावशीची, अक्कल माझी.

तसा मी पनवेलमधला सभ्य गृहस्थ आहे. विम्याच्या कचेरीत नोकरी, चाळिशीला टेकलेलं वय, सोसायटीच्या मीटिंगला हजेरी. पण रविवार दुपार झाली की मी सूत्रधार होतो. आम्ही चौघं टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतो. मी गोष्ट सांगायची, बाकीच्या तिघांनी तिच्यातली माणसं व्हायचं. जुन्या बाजारात हार्डवेअरचं दुकान चालवणारा माझा मित्र इरफान आठवडाभर खिळे आणि बिजागऱ्या विकतो. रविवारी तो जादूगार असतो. कचेरीतले दोघं, एक योद्धा आणि एक चोर. (कोण चोर, ते सांगत नाही. त्याचं प्रमोशन अडलंय.)

आणि अडलं की फासे टाकायचे. आपले ठिपक्यांचे नव्हेत! लालबुंद, आरपार दिसणारे, बाजूंवर चित्रं असलेले. तलवार आली की तुमचा शब्द चालतो, ढाल आली की वाचलात, कवटी आली की भोगा. ते हरवले तर ल्युडोच्या फाशावर भागत नाही, खेळच बंद. शिवाय नकाशाचे तुकडे, पत्ते, झाडं, दारं, राक्षस आणि दोन कोरे फासे, सोबत चित्रांच्या स्टिकरचा कागद. म्हणजे हवा तसा फासा घरच्या घरी बनवा. (हे कोरे फासे तुम्ही लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.)

या सगळ्याला आमच्या घरात एकच विरोधी पक्ष होता. माझी बायको, वैशाली.

"अभि, माळ्यावर आता पाल शिरायलाही जागा नाही," तिने बजावलं होतं. "यापुढे बाहुल्यांचा एक खोका जरी आला ना, तर तो आत येईल आणि तू बाहेर जाशील."

आणि नेमका तेव्हाच आमच्या खेळाचा शेवटचा भाग आला. भलामोठा खोका! आत तो ड्रॅगन. त्याच्याशी लढायला आमचे तिघं वीर कधीपासून गुहा-जंगलं तुडवत होते. आता हा हत्ती लपवायचा कुठे?

त्या दिवसांत घरात मधुराच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, लग्नाची तयारी चालू होती. बैठकीच्या खोलीत रुखवताच्या खोक्यांची थप्पी. माझ्या डोक्यात वीज चमकली. मी रोजचे फासे आणि बाकीचं सामानही त्याच खोक्यात कोंबलं, जाड मार्कर घेतला आणि खोक्यावर ठसठशीत लिहिलं: "रुखवत. हात लावू नये." आणि चित्राची बाजू भिंतीकडे करून दिला थप्पीत सारून. रुखवताचा खोका लग्नाआधी कोण उघडतो? कुणीही नाही! वैशालीने तर त्याच्यावर केर काढताना हळुवार फडकंही मारलं. मी स्वतःच्या बुद्धीवर इतका खूश होतो, की रुखवत लग्नात उघडतात ही बारीकशी गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही.

बरं, लग्नाच्या सकाळी तो खोका घरी राहिला असता, तरी निभावलं असतं. पण वधूचा मोठा भाऊ ना मी! टेम्पोजवळ कमरेवर हात ठेवून उभा राहिलो आणि हमालांवर ओरडलो, "रुखवताचा एकही खोका मागे राहता कामा नये!"

राहिला नाही.

हॉलवर पाहुण्यांना सरबत देत फिरत होतो, तेवढ्यात कुसुममावशीने हाक मारली. "अभि, अरे छुपा रुस्तम निघालास! ये, बघ कसं मांडलंय."

पाहिलं, आणि सरबताचा ट्रे तिरका झाला. एका बाजूला साखरेचं तुळशीवृंदावन, दुसऱ्या बाजूला अनारशांचा मनोरा, आणि मधोमध, झेंडूच्या माळेत, माझा किल्ला. तटावर सांगाडे. बुरुजावर ड्रॅगन. आणि पुढे काचेच्या वाटीत माझे लाल फासे, वरून चांदीचा वर्ख लावल्यासारखी मावशीने पसरलेली चमकी!

"मावशी, हे..."

"काही बोलू नकोस! खोक्यावर तुझंच अक्षर होतं, ओळखलं मी." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "आमच्या अभिने बहिणीसाठी हाताने केलंय हो हे सगळं!"

बायका जमल्या. टाळ्या झाल्या. वैशाली मात्र माझ्या कानाशी आली. "हाताने? कधी?"

"तू झोपल्यावर."

"तुला उशीचा अभ्रा घालता येत नाही, अभि."

तेवढ्यात मधुराच्या सासूबाई पुढे आल्या. पनवेलजवळच्या नेरे गावातलं मोठं घर, माणसं खानदानी. त्यांनी चष्मा नीट केला आणि विचारलं, "सुंदर आहे हो. पण हा देखावा कसला?"

आता खरं सांगावं, तर बायकोसमोर पकडला जातो. गप्प बसावं, तर बहिणीचं सासर रुसतं. पण मी सूत्रधार माणूस! गोष्ट सांगणं हाच तर माझा रविवारचा धंदा.

"काकू, हा संसार आहे," मी म्हणालो. "हे घर."

"जळलंय."

"टक्केटोणपे खाल्लेलं आहे. पण उभं आहे!"

"आणि हे सांगाडे?"

"हे... आपले पूर्वज. आशीर्वाद द्यायला आलेत."

"तलवारी घेऊन?"

"जुनी माणसं, काकू. तलवारीशिवाय बाहेर पडत नसत."

"आणि हा?" त्यांनी ड्रॅगनकडे बोट केलं.

"हा घराचा राखणदार!"

काकूंनी चक्क ड्रॅगनला नमस्कार केला. मी सुटलो म्हणून घाम पुसतोय, तोच मागून इरफानचा आवाज. शेरवानी घालून, हातात आहेराचं पाकीट घेऊन तो आला होता. "अरे अभि! हा तर आपला ड्रॅगन! रविवारी ह्यालाच मारायचाय ना आपण?"

"मारायचाय?" काकूंनी वळून विचारलं.

मी इरफानचा पाय असा दाबला, की त्याची मोजडी अजून बसकी आहे. "माळेने, काकू! माळेने... नजर उतरवून टाकायची पद्धत आहे."

"हां, हां, नजर," इरफान कळवळत म्हणाला. "माशाल्ला, फार नजर लागते ह्याला."

इतक्यात नवरदेवाची आजी काठी टेकत आली, वाटीतला एक लाल फासा उचलला आणि साखरेचा समजून तोंडात टाकला! मंगलाष्टकं सुरू झाली. सगळा मांडव वधूवरांकडे बघत होता. मी एकटा आजीच्या गालाकडे. फासा एकदा उजव्या गालात, एकदा डाव्या. शेवटी 'सावधान'ला तिने तो तळहातावर काढला, निरखला आणि म्हणाली, "गोड नाय, पन मजबूत हाय!" आणि बटव्यात टाकला. पाठोपाठ वाटीतले उरलेलेही.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी मी हमसून हमसून रडलो. बघणारे गहिवरले. भावाची माया बघा, म्हणाले. रुखवत गाडीत चढत होतं हो!

शेवटचा डाव पुढच्या रविवारवर आलेला. कचेरीतला योद्धा रोज विचारायचा, तलवारीला धार लावू ना? त्याला काय सांगू, की ड्रॅगन माझ्या बहिणीच्या सासरी नांदतोय? पण मी हार मानणारा नव्हे. बाजारातून बैलगाडीचा एक झकास लाकडी देखावा घेतला, इरफानला दुकानातून उचललं आणि त्याच्या टेम्पोतून शनिवारी नेऱ्याला निघालो. योजना साधी होती: "ते रुखवत जरा कच्चं राहिलं होतं काकू, हे पक्कं घ्या, ते मी नेतो." यात चुकण्यासारखं होतंच काय?

घरात पाऊल टाकलं आणि पहिलं काय दिसलं, तर टीव्हीच्या वर ड्रॅगन. कपाळाला हळदकुंकू. पुढे जास्वंदीचं फूल.

"राखनदार आल्यापासून घरात एक भांडान नाय झाला," आजीने सांगितलं.

इरफान माझ्या कानात कुजबुजला, "भाई, आता ह्याला काय मारतोस तू!"

जेवणं झाली. मी बैलगाडी पुढे करणार, तोच आजीने बटवा सोडला आणि माझे फासे सतरंजीवर ओतले. घरातल्या प्रत्येकाने एकेक उचलला. मधुराचे सासरे, रुबाबदार मिशीचे, गावात ज्यांच्यासमोर कुणी आवाज चढवत नाही असे, त्यांनी फासा टाकला. कवटी.

"हात्तिच्या! परत मीच?" असं म्हणून त्यांनी बाह्या दुमडल्या, ताटं गोळा केली आणि मोरीकडे गेले.

मी आ वासून बघत राहिलो. मधुराने मला हाताला धरून मागच्या पडवीत ओढलं.

"दादा, फासे न्यायला आलायस ना? खरं सांग."

"अगं, माझे आहेत ते! उद्या शेवटचा डाव आहे."

"ऐक. पहिल्या दिवशी सगळे जेवून उठले. मोरीत भांड्यांचा डोंगर, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. प्रेमाने बघतायत हां, पण माझ्याकडेच! मी म्हटलं, आमच्याकडे एक पद्धत आहे. रुखवतातले फासे टाकायचे. कवटी आली त्याने भांडी घासायची, ढाल आली तो सुटला, तलवार आली तो उद्याची भाजी ठरवणार."

"आमच्याकडे अशी कुठली पद्धत आहे?"

"आता आहे!" ती म्हणाली. मग तिचा आवाज जरा खाली आला. "आजींना वाटतं ते फासे त्या राखणदाराचे आहेत, म्हणून कुणी नाही म्हणत नाही. तू ते नेलेस की उद्यापासून तो डोंगर माझा. कायमचा. आता ने."

माझ्या वीरांनी इतके महिने गुहा तुडवून जे मिळवलं नव्हतं, ते ही मुलगी आठवड्यात मिळवून बसली होती. "राहू देत," मी म्हणालो. "पण मग माझा डाव?"

"इथेच खेळा की!"

बाहेर आलो, तर इरफानला तलवार आलेली. "उद्या भरलं वांगं," तो राजासारखा सांगत होता. आजीने माझ्याकडे फासा सरकवला. "टाक."

"मी पाहुणा, आजी."

"पावना जेवला नाय काय?"

मी हसलो. फाशांचा मी जुना जाणकार. मनगटाचा एक खास झटका आहे माझा, इतकी वर्षं घटवलेला. फासा गरगरला, थांबला. कवटी.

पातेल्याला राख चोळताना शेजारी सासरे होते. "कढई मला द्या, तुम्हाला जमायची नाही," ते म्हणाले. फार समंजस माणूस.

रविवारी शेवटचा डाव नेऱ्याच्या ओटीवर झाला. भरल्या वांग्यानंतर. योद्धा, चोर, जादूगार सज्ज. भोवती सगळं घर. वैशालीही आली होती, नणंदेचं घर बघायला. मी आवाज खोल करून सांगू लागलो, "आणि अंधारातून उठला तो महाभयंकर..."

"कोन भयंकर?" आजीने काठी आपटली. "यो राखनदार हाय! तूच सांगितलास ना लग्नात? कोन हात लावतो त्याला, बघते मी."

योद्ध्याने तलवार खाली ठेवली. चोर तर आजीच्या मागे जाऊन बसला. जादूगाराने मंत्र म्हणून ड्रॅगनला वांग्याचं आमंत्रण दिलं. महायुद्धाचा शेवट पंगतीने झाला, आणि छातीठोकपणे सांगतो, याहून चांगला शेवट मलाही सुचला नसता. (सुचला नव्हताच.)

या आनंदात वैशाली कुठे गेली, ते मी बघितलंच नाही. ती आतून आली, तेव्हा तिच्या हातात माझा रिकामा खोका होता. एका बाजूला खेळाचं रंगीत चित्र, दुसऱ्या बाजूला माझं ठसठशीत अक्षर. मी डोळे मिटून घेतले.

"छान आहे की खेळ," ती शांतपणे म्हणाली. "मधुरा, ह्यातले ते दोन कोरे फासे मी नेऊ? आणि तो स्टिकरचा कागद?"

आता आमच्या घरीही रोज जेवणानंतर फासा टाकतात. वैशालीने तो स्वतःच्या हाताने बनवलाय. त्याच्या सहाही बाजूंना कवटी आहे. दुसरा फासा तिचा. त्यावर सगळ्या ढाली. पण मी जुना खेळाडू आहे, असा डगमगत नाही. रोज फासा कानाशी नेऊन नीट खुळखुळवतो, त्यावर फुंकर मारतो आणि मनगटाला तो खास झटका देतो. एक ना एक दिवस तलवार येईलच!