पायजम्याची नाडी अन् माही सुई

मैत्रिणींनो, आज डोकं भयंकर तापलं आहे.

ट्युनिशियन क्रोशात अख्ख्या ओळीचे टाके त्या लांब सुईवरच राहतात. दुपारी जाळीची नवी वीण अर्ध्यात ठेवून मी कुकर उतरवायले गेली. परत येऊन पाहते तर विणकामात सुईच नव्हती अन् सगळे टाके सुटले होते.

नवरा त्याच सुईनं पायजम्यात नाडी ओवून राह्यला होता. आर्णीले लग्नाले जायचं होतं म्हणे.

"अहो, सगळं उसवलं न माहं."

"तशीही भोकंच तर पाडून राह्यली होती तू."

याच घरात चार्जिंगले लावलेला दुसऱ्याचा मोबाईल कोणी न विचारता काढत नाही. मंग माह्या विणकामातली सुई काहून कोणालेही ओढून घेता येते?