सेनापतींच्या पिस्तुलाचा खटका

तर पिस्तूल कपाटातून बाहेर आलं, इथवर काल आलो होतो. आता त्याच्या मालकाचं ऐका. उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नळाच्या तोट्या मोजण्यात गेला. पण निवृत्त होताच एका जुन्या लढाईतलं पिस्तूल विकत घेतलं आणि स्वारी अशी चालायला लागली, जणू ती लढाई हिनंच मारली. गल्लीनं नाव ठेवलं सेनापती. झुरळ दिसलं की सेनापती खुर्चीवर आणि चप्पल बायकोच्या हातात!

पिस्तुलात गोळी नव्हती, घरातही नव्हती. तरी सेफ्टीचा खटका बंद केल्याशिवाय ते कातडी म्यानात जायचं नाही. आणि दर खेपेला बाहेर काढावं तर खटका उघडा! "कुणी हात लावला?" की घर डोक्यावर. आधी कामवाली गेली. मग भर जेवणात जावयावर आळ आला. जावई भरल्या ताटावरून उठला, लेक त्याच्यामागे, आणि तेव्हापासून दोघांनी उंबरा ओलांडला नाही. बायको फोनकडे बघून झुरायची. सेनापती पिस्तूल पुसत बसायचे.

एका दुपारी म्यानाला तेल लावून बायकोनंच पिस्तूल आत सारलं. टक्! काढून बघते तर खटका उघडा. बंद केला, पुन्हा सारलं. टक्! म्यानाच्या बटणाची चकती आतून वर आली होती, आणि पिस्तूल आत जाताना तीच खटका ढकलत होती.

"अहो, इकडे या. हा घ्या तुमचा चोर."

सेनापतींनी चष्मा लावला. टक्. कान जवळ नेला. टक्. लाज वाटायची सोडून चेहरा खुलला. "बघ! असली खोड अस्सल मालातच सापडते. नकली असतं तर असं झालंच नसतं."

"खोड मालात नाही, मालकात आहे. जावयाला फोन लावते, चुकलो म्हणा. माझी लेक घरी येऊ दे."

तिनं नंबर लावून फोन त्यांच्या कानालाच धरला. पलीकडून जावई म्हणाला, "बोला, बाबा."

सेनापतींनी घसा खाकरला, छाती पुढे काढली.

"जावईबापू, तुम्ही हात लावला नव्हता, हे मी शोधून काढलंय. जा, माफ केलं तुम्हाला!"